क्वीनचा साउंड बदलला तो नेमका कुठे, आणि बाजू घ्यायच्या आधी तो ऐकायचा कसा

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या फॅन्समध्ये एक भांडण चाळीसेक वर्षं चालू आहे आणि ते मिटायचं नाव घेत नाही. बँडचा साउंड बदलला तो चांगल्यासाठी का वाईटासाठी. एक गट म्हणतो खरं क्वीन १९७६ पर्यंत, पुढे सगळी उतरण. दुसरा म्हणतो नाही, १९८० चा 'द गेम' म्हणजे कळस, माती खाल्ली ती १९८२ च्या 'हॉट स्पेस'मध्ये. तिसऱ्या गटाने पहिल्यांदा ऐकलं तेच मुळी 'रेडिओ गा गा', त्यांना सत्तरच्या दशकातलं क्वीन फार पसरट वाटतं. आणि हल्ली एक चौथा गट आलाय, २०१८ चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा सिनेमा बघून आलेला, यांना सगळंच आवडतं पण आधी काय आणि नंतर काय याचा पत्ता नसतो. मला हे भांडण मनापासून आवडतं, कारण या बँडवर लोकांचा जीव आहे म्हणूनच ते चालू आहे. पण होतं काय की बरेच जण दोन अल्बम ऐकून तिसऱ्याबद्दल बोलतात. म्हणून नवीन कोणी विचारलं की मी ज्या पद्धतीने ऐकायला सांगते ती इथे लिहून काढतेय. एका रविवारात होण्यासारखं नाही हे, दोनतीन आठवडे धरा.

सगळ्यात आधी, ग्रेटेस्ट हिट्स बाजूला ठेवा. चांगलीच आहेत ती गाणी, पण १९८१ च्या त्या कलेक्शनच्या ब्रिटिश आवृत्तीत पहिलं गाणं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि लगेच दुसरं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', म्हणजे १९७५ वरून थेट १९८०. मधल्या पाच वर्षांतले तीन स्टुडिओ अल्बम गायब. अशाने ऐकणाऱ्याला वाटतं एका रात्रीत बँडला काहीतरी झालं, आणि तिथूनच "यांनी अचानक डिस्को केलं" हे वाक्य जन्माला येतं. अचानक काही झालं नव्हतं. सिनेमावरही विसंबू नका, सिनेमा म्हणून बघा. त्यात 'वुइ विल रॉक यू' तयार होताना गायक फ्रेडी मर्क्युरीला मिशी दाखवलीय, पण ते गाणं १९७७ चं आणि मिशी १९८० ची. लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमाआधी बँड फुटलेला दाखवलाय, खरं तर १९८५ च्या मे महिन्यापर्यंत हे लोक टूरवर होते आणि जुलैमध्ये लाइव्ह एड झालं. साउंड का बदलला हे समजायचं असेल तर क्रम डोक्यात नीट बसायला हवा.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते अख्ख्या भांडणाची किल्ली हीच आहे: गाणं लावलं की ते कोणी लिहिलंय ते बघा. क्वीनमध्ये चौघंही लिहायचे, फ्रेडी मर्क्युरी (गायक), ब्रायन मे (गिटार), रॉजर टेलर (ड्रम), जॉन डीकन (बेस), आणि चौघांनीही एकेक तरी जगभर गाजलेलं गाणं दिलंय. 'वुइ विल रॉक यू' ब्रायनचं, 'रेडिओ गा गा' रॉजरचं, 'अनदर वन' डीकनचं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीचं. १९८६ पर्यंत जवळजवळ प्रत्येक गाण्यावर लिहिणाऱ्याचं स्वतःचं नाव आहे, १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून सगळी गाणी क्वीन या नावावर यायला लागली. त्यामुळे तोपर्यंतचं सगळं तुम्हाला व्यवस्थित तपासता येतं. लोक म्हणतात "बँड बदलला", मी म्हणते चार माणसं आपापल्या वेगाने बदलत होती आणि कधी एकाचं वजन वाढलं, कधी दुसऱ्याचं.

आता ऐकायला सुरुवात. जुना साउंड म्हणजे काय हे आधी कानात बसवायचं, त्यासाठी १९७४ चा 'क्वीन टू' आणि १९७५ चा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' हे दोन अख्खे ऐका, गाणी न वगळता. 'क्वीन टू'ला साइड ए आणि साइड बी नाहीच, व्हाइट साइड आणि ब्लॅक साइड आहेत, पहिल्या बाजूला बहुतेक ब्रायन आणि दुसरी पूर्ण फ्रेडीची. थरावर थर चढवलेली गिटार, थरावर थर चढवलेले आवाज. ज्यांना हे डोक्यात जातं त्यांचंही मी समजू शकते, दम घेऊ देत नाही तो अल्बम. पण एकदा का त्यात घुसलात की कळतं की १९७६ वाले फॅन्स कशासाठी इतके हळवे होतात.

इथे एका गाण्यावर जरा थांबा. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'मधलं 'गुड कंपनी', ब्रायनचं, युकुलेलेवर सुरू होतं. साधं वाटतं आधी. मग हळूहळू मागे एक जुन्या पद्धतीचा जॅझ बँड जमायला लागतो, क्लॅरिनेटसारखं काहीतरी, ट्रॉम्बोनसारखं काहीतरी, ट्रंपेटसारखं काहीतरी. त्यात एकही फुंकायचं वाद्य नाही. सगळी ब्रायनची गिटार आहे, रेड स्पेशल, जी त्याने शाळेत असताना वडिलांबरोबर घरी बनवली, गिटारचा दांडा जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा. आणि ती जोडलीय कोणीतरी टाकून दिलेल्या सर्किटपासून डीकनने बनवलेल्या एका छोट्याशा अ‍ॅम्पला. हेडफोन लावून शेवटचं दीड मिनिट ऐका, एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करून जोडलाय हे कळतं. पिक म्हणून प्लॅस्टिकचा तुकडा नाही तर सिक्सपेन्सचं नाणं वापरायचा तो, त्यामुळे सुराच्या सुरुवातीला एक बारीक खरखर येते, तीही शोधा. हे गाणं नीट ऐकलंत की जुन्या अल्बमवर "सिंथेसायझर वापरलेला नाही" असं का छापायचे ते समजतं. लोकांना वाटायचं हे आवाज मशीनचे आहेत, आणि यांनी तर ते हाताने केलेले. त्या ओळीचा फॅन्सना अभिमान वाटायला लागला, आणि मग १९८० ला ती ओळ गेली तेव्हा वचन मोडल्यासारखं झालं. माझ्या मते अर्ध्या रागाचं मूळ गाण्यांत नाहीच, त्या एका ओळीत आहे.

पुढे १९७७ चा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'. माझं ठाम मत असं की खरा सांधा इथे आहे, १९८० ला नाही आणि १९८२ ला तर नाहीच. सुरुवात 'वुइ विल रॉक यू'ने, पाय आपटणं, टाळ्या, आवाज, आणि शेवटी कुठेतरी गिटार येते. ड्रम सेट नाही, बेस नाही. दोन वर्षांपूर्वी जे लोक एका गाण्यात टेपची पट्टी झिजेपर्यंत आवाज भरत होते त्यांनी सगळं काढून टाकलं. का, तर स्टेडियममध्ये हजारो लोकांना सोबत घेता यावं म्हणून, आणि त्या वर्षी इंग्लंडमध्ये पंकचं वादळ आलं होतं, लांबलचक सजवलेल्या रॉकला सगळे नावं ठेवत होते, तीही हवा होतीच. पण जुने फॅन्स या अल्बमला दुरावा म्हणत नाहीत, का कोण जाणे. कदाचित 'वुइ आर द चॅम्पियन्स' त्यात आहे म्हणून.

१९७८ च्या 'जॅझ'वर फार वेळ घालवू नका, पण दोन गाणी नक्की ऐका. 'डोन्ट स्टॉप मी नाउ', ज्याला लोक क्वीनचं रॉक गाणं समजतात, त्यात पियानो, बेस आणि ड्रम, गिटार ठळक ऐकू येते ती सोलोपुरती. म्हणजे गिटार मागे सरकली ती डिस्कोमुळे नाही, आधीच. आणि 'फन इट', हे रॉजरचं. रॉजर म्हणजे बँडमधला पक्का रॉकवाला असं सगळे धरून चालतात, आणि डिस्कोचा ठेका असलेलं, इलेक्ट्रॉनिक ड्रमचे आवाज घातलेलं हे गाणं त्याने 'हॉट स्पेस'च्या चार वर्षं आधी करून ठेवलंय. कोणी म्हणालं की डिस्कोचं खूळ फक्त फ्रेडी आणि डीकनचं, की हे गाणं पुढे करा.

आता जॉन डीकनची लाइन पकडा. हे मला सगळ्यात जास्त आवडणारं काम. अल्बमचा क्रम सोडा आणि फक्त त्याची गाणी एकामागे एक लावा: १९७४ चं 'मिसफायर', १९७५ चं 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', १९८२ चं 'बॅक चॅट', १९८४ चं 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'. वीसेक मिनिटांत होतं. हा माणूस पहिल्यापासून पॉप आणि सोलकडे झुकलेला होता, त्याच्यात कुठेही उडी नाही, सरळ रस्ता आहे. सगळ्यात शेवटी बँडमध्ये आला, १९७१ मध्ये, सगळ्यात कमी बोलायचा, कमी गाणी लिहायचा. १९८० ला त्याचं गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं आणि त्याचं वजन वाढलं. मग बाकीचे त्याच्या बाजूला सरकले यात नवल काय.

'अनदर वन' बद्दल एक गैरसमज मात्र जिथे दिसेल तिथे खोडा. लोक म्हणतात सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, आला आणि गाणं बिघडलं. त्या गाण्यात सिंथ नाही. ते विचित्र घुसळल्यासारखे आवाज आहेत ना, ते उलटा चालवलेला पियानो, उलट्या झांजा आणि हार्मोनायझर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून काढलेली गिटार. बेसची चाल शिक (Chic) या अमेरिकन डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'च्या घराण्यातली आहे हे खरं, १९७९ चं गाणं ते, लपवण्यासारखं काही नाही. ड्रम एकदम कोरडे, खोलीचा घुमारा अजिबात नाही, रॉजरला तसं वाजवायला आवडत नव्हतं तरी वाजवलं. सिंथ ऐकायचा असेल तर त्याच अल्बमचं पहिलं गाणं लावा, 'प्ले द गेम', सुरुवातीलाच जो आवाज खालून वर झेपावतो तो ओबरहाइम नावाच्या सिंथचा. तो अल्बम म्युनिकमध्ये झाला, मॅक या नव्या प्रोड्यूसरबरोबर, आणि काम करायची पद्धतच बदलली, पटकन वाजवा, चुकलं तेवढंच परत घ्या, पुढे चला. आधीचा प्रोड्यूसर रॉय थॉमस बेकर, त्याच्याबरोबरचं ते महिनोन्‌महिने थर चढवणं संपलं. म्हणजे शहर, प्रोड्यूसर आणि मशीन तिन्ही एकदम बदललं, त्यात कशाचा किती वाटा हे वेगळं काढता येत नाही आणि काढायचा अट्टाहासही करू नका.

याच अल्बममधलं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' फ्रेडीचं, जुन्या रॉक अँड रोलच्या धाटणीचं. ब्रायनने सोलो रेड स्पेशलवर न वाजवता टेलिकास्टर या दुसऱ्या गिटारवर वाजवलाय, सहज ओळखू येतं. काही जण म्हणतात हे क्वीनचं नाहीच, उसनं आहे. इथे आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट चटकन पटेल. झांझिबारमध्ये जन्मलेला हा फारोख बुलसारा शाळेत होता पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये, आणि तिथे पोरांच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, त्या काळात चालणारं रॉक अँड रोल. म्हणजे क्वीनच्या कितीतरी आधी, आपल्या सह्याद्रीत, त्याचे हात याच संगीतावर बसलेले. ऑपेरा नंतर आला, हे आधीचं. त्यामुळे "मूळ साउंड सोडला" असं कोणी म्हणालं की कोणाचा मूळ आणि कुठल्या वर्षीचा मूळ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि आता 'हॉट स्पेस'. हा अल्बम एका दमात ऐकू नका, दोन तुकडे करा. पहिली बाजू म्हणजे 'स्टेइंग पॉवर'पासून 'अ‍ॅक्शन धिस डे'पर्यंत, फंक, डिस्को, ड्रम मशीन, सिंथचा बेस. दुसरी बाजू 'पुट आउट द फायर'पासून, तिथे बरीच गिटार आहे, जॉन लेननसाठी लिहिलेलं गाणं आहे, 'लास पालाब्रास दे आमोर' आहे जे जुन्या क्वीनला शोभेल असं आहे, आणि शेवटी डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर', ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेलं. अख्ख्या अल्बमला नाव ठेवणारे बरेच जण पहिल्या बाजूतच थांबलेत असा माझा अनुभव आहे.

पहिल्या बाजूबद्दल माझं मत सांगते. डिस्को केलं हा गुन्हा नाही. चूक ही झाली की गिटारचं काय करायचं हे ठरलंच नाही. 'बॉडी लँग्वेज'मध्ये ती जवळजवळ नाही, ठीक आहे, तो एक निर्णय आहे, आणि अमेरिकेत ते गाणं ११ नंबरपर्यंत गेलंही. पण 'बॅक चॅट'मध्ये डीकनला गिटार नको होती, ब्रायनला सोलो हवा होता, दोघांत वाद झाला हे ब्रायनने नंतर सांगितलंय, आणि तो वाद गाण्यात ऐकू येतो. सोलो चांगला आहे, खरंच चांगला आहे, पण दुसऱ्या घरातून भिंतीपलीकडून आल्यासारखा. मला तेच गाणं त्या बाजूतलं सगळ्यात जिवंत वाटतं, त्या ताणामुळे, पण सगळ्यांना तसं वाटणार नाही.

मग हे करा: 'स्टेइंग पॉवर' स्टुडिओचं ऐका, ज्यात आरिफ मार्डिनने बसवलेले हॉर्न्स, म्हणजे फुंकायची वाद्यं, आहेत, आणि लगेच त्याच गाण्याचं जून १९८२ चं मिल्टन कीन्सचं लाइव्ह ऐका, २००४ मध्ये 'लाइव्ह अ‍ॅट द बोल' म्हणून निघालंय. हॉर्न्स गेले, त्यांच्या जागी गिटार आली, रॉजरचे खरे ड्रम आले. गाणं तेच, चाल तीच, आणि अंगावर येतं. ज्यांना "क्वीनने रॉक सोडलं" असं वाटतं त्यांना मी दुसरं काही न बोलता एवढंच ऐकवते. त्याच कार्यक्रमात फ्रेडी लोकांना सांगतो की आता थोडं नव्या पद्धतीचं वाजवणार, पण म्हणून आमचं रॉक अँड रोल गेलंय असं नाही, आणि एका रेकॉर्डवरून इतकं चिडण्यासारखं काय आहे. म्हणजे लोक तेव्हाच चिडले होते, रेकॉर्ड बाजारात येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले.

अमेरिकेतला राग मात्र निराळ्या जातीचा होता, तो वेगळा काढून बघा. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला होता, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या रागात काळ्यांबद्दलचा आणि गे लोकांबद्दलचा राग किती मिसळला होता यावर तेव्हापासून लिहिलं गेलंय. अशा वातावरणात तीन वर्षांनी एका रॉक बँडने हा अल्बम काढला. १९८२ नंतर फ्रेडीसोबत क्वीन अमेरिकेत परत कधी टूरला गेलं नाही. त्यामुळे तिथला जुना फॅन 'हॉट स्पेस' म्हटलं की बँड हातातून गेल्याचं दुःख बोलतो, आणि युरोपातला किंवा दक्षिण अमेरिकेतला फॅन तेवढं मनावर घेत नाही. कोण कुठून बोलतंय हे कळलं की अर्धा वाद तिथेच शांत होतो. म्हणून मी समोरच्याला आधी एवढंच विचारते, तुम्ही पहिला अल्बम कुठला ऐकलात आणि तेव्हा राहायचात कुठे.

१९८४ च्या 'द वर्क्स'मध्ये बँडने दोन्ही दगडांवर पाय ठेवले आणि चक्क जमवलं, एकीकडे 'रेडिओ गा गा', दुसरीकडे 'हॅमर टू फॉल'. 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'मधला सोलो गिटारचा वाटतो, तो फ्रेड मँडेल या कीबोर्ड वाजवणाऱ्याने सिंथवर वाजवलाय. सिंथ नको म्हणणाऱ्या कितीतरी जणांना तो सोलो तोंडपाठ असतो. १९८६ आणि १९८९ चे अल्बम वरवर ऐकले तरी चालतील, मला त्यात फार सापडत नाही, 'द मिरॅकल'चं शेवटचं गाणं 'वॉज इट ऑल वर्थ इट' तेवढं सोडू नका.

ऐकायच्या सोयीचं थोडं. स्ट्रीमिंगवर पहिल्या अल्बमच्या दोन आवृत्त्या आहेत, जुनी १९७३ ची आणि २०२४ मध्ये 'क्वीन वन' नावाने आलेलं नवीन मिक्स, ज्यात ड्रम पार वेगळे वाटतात. मूळ ड्रमच्या आवाजावर बँड कधीच खूश नव्हता. साउंड कसा बदलत गेला हे ऐकायचं असेल तर जुनं घ्या, नाहीतर ५१ वर्षांनी सुधारलेलं ऐकून १९७३ बद्दल बोलाल. फोनच्या स्पीकरवर 'क्वीन टू' लावण्यात अर्थ नाही, सगळं एकमेकांत मिसळून जातं, साधे का होईना हेडफोन घ्या. 'हॉट स्पेस'ला उलट मोठे स्पीकर लावा, तो बेस खोलीत घुमल्याशिवाय कळत नाही.

शेवटी १९९१ चा 'इन्यूएंडो'. लोक म्हणतात इथे क्वीन परत जुन्या वाटेला आलं. एवढं ऐकून झाल्यावर तुम्हीच तपासा. नावाचंच पहिलं गाणं साडेसहा मिनिटांचं आहे, मध्येच फ्लॅमेंको येतं, त्यात स्पॅनिश गिटार येस या बँडच्या स्टीव्ह हाउने वाजवलीय, पसारा १९७५ चाच वाटतो. पण त्याच्या मागचा ऑर्केस्ट्रा कीबोर्डचा आहे, 'द शो मस्ट गो ऑन'ची सुरुवातच सिंथने होते. जुनं धाडस आणि नवी हत्यारं. आणि आवाज ऐका, फ्रेडी त्या वेळी किती आजारी होता हे माहीत असताना ऐका, रेकॉर्ड आली फेब्रुवारीत आणि २४ नोव्हेंबरला तो गेला. या अल्बमवर मला कोणाशी वाद घालायची इच्छा होत नाही.

त्यानंतरचं, म्हणजे फ्रेडीनंतर बँडबरोबर गायलेले पॉल रॉजर्स, अ‍ॅडम लँबर्ट, याचं भांडण या भांडणात मिसळू नका. १९९५ चा 'मेड इन हेवन' फ्रेडीच्या उरलेल्या रेकॉर्डिंगवरचा, तो यात धरता येईल. पण पॉल रॉजर्सबरोबर २००८ मध्ये एक स्टुडिओ अल्बम आला तेवढाच, लँबर्टबरोबर मुख्यतः कार्यक्रम. डीकन १९९७ नंतर बाजूला झाला. लिहिणाऱ्या चौघांपैकी दोघं तिथे नाहीत, तेव्हा तो साउंड बदलला का नाही, याची तुलना 'हॉट स्पेस'शी लावून काहीच हाती लागत नाही.